पहिल्या विटेआधी

गोंदिया जिल्ह्यात बीअरचा एक छोटा कारखाना काढावा असं तुमच्या मनात आहे, असं धरून चालू या. रस्त्यालगतची जागा पाहून ठेवली आहे, यंत्रांचं दरपत्रक आलंय, कदाचित बाटलीवरच्या लेबलचं चित्रही कुणी काढून दिलंय. हा कारखाना आसपासच्या पाण्या-जंगलाला ओरबाडणारा नसावा, ही तुमची इच्छाही मनापासूनची आहे. मग आज काहीच ठरवू नका. दरपत्रक घडी घालून बाजूला ठेवा आणि निवांत बसा. हे एका बैठकीत संपवायचं नाही. जिथे थांबा म्हटलंय तिथे खरोखर थांबा.

घाई नको म्हणतो, कारण कारखाना सुरू झाल्यावर त्यात फार थोडं बदलता येतं. भिंतीचा रंग, पाटी, भाव, एवढंच. फरशीचा उतार कोणत्या दिशेला, गरम पाण्याची उष्णता परत वापरायची की गटारात सोडायची, बॉयलर कशावर चालणार, सांडपाण्यासाठी किती जागा राखून ठेवली, हे सगळं पहिल्या विटेच्या आधी ठरतं आणि मग पंचवीस वर्षं तसंच राहतं. छपरावर मागाहून सौर पत्रे बसवता येतात. चुकीच्या जागी बांधलेला कारखाना मागाहून उचलून नेता येत नाही.

आता मे महिना डोळ्यांसमोर आणा. जुलै नको. जुलैत धानाच्या बांध्या भरलेल्या असतात, पऱ्हे उपटून रोवणी चाललेली असते, आणि अशा वेळी पाणी कमी पडेल म्हणणाऱ्याला लोक हसतात. सरासरी बाराशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारा हा जिल्हा. पण मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. लहान तळ्या-बोड्यांच्या तळाला भेगा पडतात. तुम्ही पाहून ठेवलेल्या जागेच्या सगळ्यांत जवळ जे गाव आहे, तिथे त्या दिवसांत बाया पाणी कुठून आणतात, हे तुम्हाला ठाऊक आहे का? उत्तर येत नसेल तर इथेच थांबा. ते शोधून आल्याशिवाय पुढे वाचण्यात अर्थ नाही.

आलात? मग मनानेच एखाद्या मामा तलावाच्या पाळीवर चला. हे माजी मालगुजारी तलाव. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि नावात ‘माजी’ तेवढं उरलं. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने ते बांधले. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असं परंपरा सांगते, आणि तिथली माणसं त्यांना कोलासूर म्हणून पूजतात. धरण बांधणाऱ्याचा देव व्हावा, हे मला फार विचार करायला लावणारं वाटतं. आपल्या काळात किती इंजिनिअरांच्या वाट्याला हे येईल?

त्या बांधणाऱ्यांनी पाळ घालण्याआधी काय पाहिलं असेल, याचा विचार करा. पाणी कुठून येईल, हे तर पाहिलंच. त्याहून आधी पाहिलं असणार ते जास्तीचं पाणी कुठून बाहेर पडेल. सांडव्याची जागा चुकली तर पहिल्याच मोठ्या पावसात पाळ फुटते आणि खालचं गाव वाहून जातं. मग खालच्या किती बांध्या भिजतील याचा अंदाज, आणि वरच्या तलावातून सुटलेलं पाणी खालच्या तलावात कसं जाईल याची साखळी. म्हणजे बाहेर जाण्याची वाट आधी आणि साठवण नंतर. तुमच्या हातातल्या दरपत्रकात क्रम नेमका उलटा आहे: तांब्या-स्टीलची चकचकीत भांडी पहिल्या पानावर, आणि सांडपाणी शुद्धीकरण शेवटच्या पानावर, बहुधा ‘ऐच्छिक’ या शब्दासह.

आता थोडा हिशेब करू. मननात आकडे कशाला, असं वाटेल. पण पाण्याबद्दल नुसत्या भावनेने विचार केला की माणूस एक तर घाबरतो नाही तर स्वतःची समजूत घालतो. एक लिटर बीअर करायला कारखान्यात साधारण चार ते सात लिटर पाणी लागतं. अगदी काटेकोर कारखाने तीनच्या खाली आले आहेत. तुम्ही रोज हजार लिटर बीअर करणार आणि पाच लिटरचा दर धरला, तर रोज पाच हजार लिटर. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर पंधरा लाख लिटर. आकडा मोठा वाटतो. पण एक एकर धानाला बाराशे मिलिमीटर पाणी धरलं, तर ते जवळपास अठ्ठेचाळीस लाख लिटर होतं. म्हणजे तुमचा वर्षभराचा कारखाना एकरभर धानाच्या एक तृतीयांश पाण्यात चालतो. या हिशेबाने तुम्ही निर्दोष ठरलात.

हाच हिशेब दुसऱ्या मापाने मोजा. जलजीवन मिशनने खेड्यातल्या माणसाला रोज ५५ लिटर पाणी मिळावं असं ठरवलं आहे. पाच हजार लिटर म्हणजे नव्वद माणसांचं पाणी. आणि तुमचं स्वप्न रोज एक लाख लिटरचं असेल, तर चार लिटरच्या चांगल्या दरानेही चार लाख लिटर, म्हणजे सात हजारांहून जास्त माणसांचं रोजचं पाणी. दोन्ही मापं खरी आहेत. जुलैत पहिलं माप लावा, मे महिन्यात दुसरं. वर्षभर पहिल्याच मापाने मोजणारा माणूस लबाडी करतो, आणि ती तो आधी स्वतःशी करतो. थोडं थांबा. तुम्ही बैठकांमध्ये कोणतं माप सांगत आला आहात, ते आठवा.

हे काल्पनिक भय नाही. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या औद्योगिक वसाहतींत बीअरचे मोठे कारखाने आहेत. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागत होतं, आणि त्याच एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांचं पाणी टप्प्याटप्प्याने साठ टक्क्यांपर्यंत कापायला सांगितलं. कारखान्यांकडे परवाने होते, करार होते, पाणीपट्टी भरलेली होती. तरीही लोकांनी विचारलं, पिण्याला नाही आणि बीअरला कसं? या प्रश्नाला कागदावरचं उत्तर पुरत नाही. म्हणून तुमच्या आराखड्यात एक ओळ आजच लिहा: मे महिन्यात कारखाना किती दिवस बंद राहील. पावसाळ्यात छपरावरचं पाणी साठवून किती दिवस निघतील, हेही त्याच ओळीखाली. बंद राहायचे दिवस ज्याच्या नफ्या-तोट्याच्या तक्त्यात आधीच बसलेत, त्याला न्यायालयाने बंद करायची पाळी येत नाही.

पाण्याचा आणखी एक भाग तुमच्या कुंपणाबाहेर आहे. जगाच्या सरासरीने एक लिटर बीअरमागे शेतापासून ग्लासापर्यंत सुमारे तीनशे लिटर पाणी लागतं, असा अंदाज आहे. त्यातलं बहुतेक पिकाने प्यायलेलं, पावसाचंही धरून. कारखान्यातले पाच लिटर वाचवायला जीव टाकणारा मालक हे उरलेलं विसरतो, कारण त्याचं बिल त्याला येत नाही. बीअरचं मुख्य धान्य जव. ते गोंदियात पिकत नाही. राजस्थान, हरियाणा, उत्तर प्रदेशातून येतं, आणि त्यातला बराच पट्टा भूजल उपसून कोरडा होत चाललेला आहे. हॉप्सची कडवट फुलं तर बहुतांशी परदेशातून. मग गोंदियाच्या मातीचं यात काय?

तांदूळ. इथे तुमच्याजवळ खरोखर काहीतरी आहे. भारतातल्या बऱ्याच बीअरमध्ये जवासोबत तांदूळ घालतातच. गोंदियाच्या राइस मिलांमधून निघणारी कनकी, म्हणजे तुटका तांदूळ, ही पिठूळ, पांढरी साखरेची खाण. एकूण धान्यात तीस टक्के कनकी घातली तर चव हलकी होते आणि तेवढं जव लांबून आणावं लागत नाही. पण कनकी थेट चालत नाही. जवापेक्षा तांदळाला जास्त आच लागते, म्हणून ती वेगळ्या भांड्यात आधी शिजवावी लागते. ते भांडं आजच्या नकाशात हवं. आणि कनकी फुकट पडून आहे, असंही समजू नका. ती कोंबड्यांच्या खाद्यात जाते, दळून पीठ होतं, कित्येक घरांत शिजते. तुमच्या खरेदीने तिचा भाव चढला तर कोणाच्या ताटावर परिणाम होईल, ते मिलवाल्याला विचारून घ्या. बाहेरच्या सल्लागाराला हे कळणार नाही.

आच कशाची, हा गोंदियात सगळ्यांत सोपा प्रश्न. धानाच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा भुसा निघतो, आणि उकडा तांदूळ करणाऱ्या मिला कितीतरी वर्षं तोच जाळत आल्या आहेत. हजार लिटरच्या एका घाण्याला, उकळी आणि धुण्याचं गरम पाणी धरून, ढोबळमानाने शंभर-सव्वाशे किलो भुसा पुरावा. पाच-सहा क्विंटल धानाचा हा भुसा. बॉयलर ओळखणारे मिस्त्रीही गावातच आहेत. फक्त मिलेच्या वाऱ्याच्या दिशेला ज्यांचं घर आहे, त्यांच्या दोरीवरचे कपडे एकदा पाहून या. भुशाची राख हलकी असते, उडते, आणि तिच्यात बहुतेक सिलिका असते. धूळ धरणारं यंत्र बॉयलरसोबतच घ्या. पुढच्या वर्षी घेऊ म्हटलं की ते वर्ष येत नाही.

थंडावा मात्र महाग. आणि इथे मला एक गोष्ट अडून सांगावीशी वाटते. कोणती बीअर करायची हे लोक चवीवरून किंवा बाजारावरून ठरवतात. गोंदियात ते हवामानावरून ठरायला हवं. लागर प्रकारची बीअर दहा अंशांच्या आसपास आंबवायची, मग कित्येक आठवडे शून्याच्या जवळ मुरवायची. बाहेर पंचेचाळीस असताना! एल प्रकारची बीअर अठरा ते बावीस अंशांवर आंबते आणि बरीच लवकर तयार होते. विजेचा, आणि तिच्यामागच्या कोळशाचा, सगळ्यांत मोठा निर्णय असा पेल्यातच दडलेला असतो. तुम्हाला पिवळीधमक, पातळ, बर्फगार लागरच काढायची असेल तर काढा, पण मग लेबलवर हिरवं पान छापू नका. दुसरा निर्णय उकळलेल्या रसाचा. तो थंड करताना जे पाणी तापतं, तेच पुढच्या घाण्याला वापरता येतं. त्यासाठी एक उष्णता-बदल यंत्र आणि एक झाकलेली, नीट लपेटलेली टाकी लागते. टाकीला जागा लागते. जागा नकाशात लागते.

आता पुन्हा सांडव्याकडे या. डोळे मिटा आणि तुमच्या कारखान्यातून रोज बाहेर काय पडेल, ते एकामागून एक पाहा. पहिला चोथा. शंभर लिटर बीअरमागे साधारण वीस किलो ओला चोथा, म्हणजे रोज दोनशे किलो. गाई-म्हशींना तो उत्तम. गाईला दिवसाला दहा किलो धरला तर वीस गाई हव्यात, आणि त्या रोज हव्यात, कारण उन्हाळ्यात हा चोथा एका दिवसात आंबूस होतो आणि दुसऱ्या दिवशी त्याला बुरशी येते. ‘शेतकरी घेऊन जातील’ हे वाक्य आराखड्यात लिहिलं असेल तर खोडा. कोणता शेतकरी, किती जनावरं, बैलगाडी की टेम्पो, पोळ्याच्या दिवशी कोण नेणार, हे लिहा. आपल्याकडच्या योजना अशाच निनावी शेतकऱ्यांच्या खांद्यावर मरतात.

दुसरं सांडपाणी, आणि खरी परीक्षा इथेच आहे. बीअरच्या कारखान्याचं पाणी विषारी नसतं. त्यात साखर, यीस्ट, प्रथिनं असतात. वास आंबटसर, म्हणून लोक म्हणतात, हे तर खतच. पण हे अन्न तलावात गेलं की सूक्ष्मजीव त्यावर तुटून पडतात आणि पाण्यातला सगळा प्राणवायू संपवतात. त्याचं मोजमाप बीओडी. प्रक्रिया न केलेल्या अशा पाण्यात तो लिटरला हजार ते तीन हजार मिलिग्रॅम असू शकतो. नदी-तलावात सोडायची मर्यादा आहे तीस. शेतात सोडायची शंभर. मधली दरी पाहा. ती न ओलांडता पाणी सुटलं, की पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतात, आणि हे सगळ्यांत आधी ढिवराला दिसतं.

ढिवरांचा विचार जरा जास्त वेळ करा. तलावातले मासे ही त्यांची शेती. अर्जुनी मोरगावच्या भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाबरोबर ढिवर समाजातल्या माणसांनी, त्यात बायांनीही, तलावांतली बेशरमाची झुडपं उपटली, मूळच्या पाणवनस्पती पुन्हा लावल्या, देशी मासे परत यावेत म्हणून चिखलात उभं राहून काम केलं. त्यांनी जे बसवलं ते तुमचा एक उघडा पाइप एका रात्रीत उठवू शकतो. बांध्यांमध्ये अंडी घालणारा सारस हाही याच पाण्याचा वाटेकरी. महाराष्ट्रात तो आता जवळपास या भागापुरताच उरला आहे.

मार्ग आहेत, आणि नवलाचे नाहीत. यीस्टचा गाळ आणि तळाचा गाळ पाण्यात जाऊच द्यायचा नाही, वेगळा काढायचा. बरंच ओझं तिथेच हलकं होतं. उरलेलं पाणी बंद टाकीत प्राणवायूविना कुजवून त्याचा गॅस बॉयलरला द्यायचा. मग हवा देऊन, मग वनस्पतींच्या उथळ तळ्यातून, मग शेताला. इतपत कोणताही जाणकार सांगेल. गोंदियात पुढचा प्रश्न विचारा: ऑगस्टमध्ये काय? शेत आधीच तुडुंब आहे, त्याला तुमचं पाणी नको, आणि पाऊस तुमच्या उघड्या टाक्याही भरतोय. पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी झाकलेली साठवण, किंवा त्या काळात उत्पादन कमी. दोन्हीपैकी एक कागदावर हवं. दुसऱ्या राज्यातला तयार नकाशा इथे नेमका ऑगस्टमध्ये फुटतो.

बाटल्यांचं थोडक्यात. काचेची जाड बाटली धुऊन पुन्हा भरली तर ठीक, एकदाच वापरली तर सगळा हिशेब बिघडवते. जवळ विका, परत गोळा करा, किंवा थेट पिंपातून ओता.

एक विचार मुद्दाम मागे ठेवला होता. या जंगलाचं स्वतःचं पेय आहेच. मार्च-एप्रिलच्या पहाटे मोह टपटपतो, टोपल्या भरतात, आणि गोंड घरांत जन्मापासून मरणापर्यंत देवा-पितरांना मोहाची धार लागते. मुंबई इलाख्यात १८९२ मध्ये ठाणे-कुलाब्यात मोहफुलं बाळगण्यावरच कायदा आला. महाराष्ट्रात मोहफुलं गोळा करण्या-साठवण्यावरचे निर्बंध सैल व्हायला २०२१ उजाडलं. ज्यांच्या अंगणातल्या फुलांना इतकी वर्षं गुन्ह्याचा वास होता, त्यांच्या शेजारी तुम्ही परवाना, कर्ज आणि उद्घाटनाची फीत घेऊन उभे राहणार आहात. यात तुमचा दोष नाही. पण ते दिसायला हवं. आणि मोह वापरायचा मोह झालाच, तर फुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळला जातो आणि वणवे लागतात, हेही लक्षात घ्या. जाळी अंथरून वेचलेल्या फुलांना जास्त भाव द्यायची तयारी आहे का?

शेवटी बाया. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात २०१५ ते २०२१ होती. बंदी बरी की वाईट, यावर मी इथे वाद घालत नाही. पण ती मागणाऱ्या बाया कोणाच्या सांगण्यावरून रस्त्यावर आल्या नव्हत्या. घरात जे घडत होतं त्यामुळे आल्या होत्या. महाराष्ट्रात गावातलं दारूदुकान बंद करायला मतदान होतं, उभी बाटली की आडवी बाटली. तो नियम दुकानाला आहे, कारखान्याला असं मतदान नाही. तरीही तुम्ही ते मनात घेऊन पाहा. समजा, उद्या जवळच्या गावातल्या बायांनी मत दिलं. बाटली आडवी पडली. तेव्हा तुमचं मन काय म्हणतं? ‘त्यांना समजावून सांगू’ म्हणत असेल, तर तुम्ही त्यांना विचारलेलं नाही, नुसतं कळवलं आहे. ‘मग इथे नको’ असं म्हणता येत असेल, तरच विचारायला जा. थांबा इथे. हे उत्तर लगेच येत नाही, आणि लगेच आलं तर मला त्यावर विश्वास ठेवणं जड जाईल.

प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे दोन संमत्या घ्याव्या लागतात, एक उभारण्याची आणि एक चालवण्याची. पहिली मागण्याआधीच वरचं सगळं कागदावर असायला हवं.

माझं मत विचाराल तर, रोज हजार लिटरच्या आसपास, एल प्रकारची, कनकी घातलेली, भुशावर उकळलेली, पिंपातून जिल्ह्यातच विकली जाणारी, आणि मे महिन्यात बंद राहणारी ब्रुअरी गोंदियाला पेलेल. एक लाख लिटरची पेलणार नाही, मग तिच्या छपरावर कितीही सौर पत्रे असोत. ती तुम्ही काढू नये.